ओठ दिसण्यापुरतं नेट

७ ऑक्टोबर

ताई,

फायबरसाठी मी माझ्या हाताने काय काय केलं ते आधी लिहितो, म्हणजे 'तयारी झाली का' असं तू पुन्हा विचारणार नाहीस.

चर: रस्त्याच्या खांबापासून घराच्या भिंतीपर्यंत, गुडघाभर खोल, सगळा मुरूम, सगळा कुदळीने. चरात पाइप. पाइपाची वळणं मोठ्या बादलीच्या काठाएवढी गोल, कारण ही तार काचेची असते, काटकोनात वाकवली की आतल्या आत मोडते आणि वरून कळत नाही. पाइप नुसता तापवून वाकवला तर चेपतो. मी आत कोरडी वाळू ठासून भरली आणि मग तापवला. वाळू काढून आतून नायलॉनची दोरी ओवून ठेवली आहे. दोरीला तार बांधायची आणि घरातून ओढायची, एवढंच काम कंपनीला शिल्लक ठेवलंय. भिंतीत लाकडी पेटी, तिला बारीक जाळीचं दार, मुंग्या आत जाऊ नयेत म्हणून. खिडकीशी टेबल. टेबलावर टॅब उभा राहील अशी घोडी. दिव्याला पत्र्याची टोपी, अशी की उजेड बाजूने माझ्या तोंडावर पडेल. मागून उजेड आला की ओठ काळे दिसतात, हे तूच मला शिकवलंस.

आणि मिशी काढली. आरशात बघितलं तर साक्षात आत्या उभी. पण ओठ स्वच्छ दिसतात, तुला एकही अक्षर गाळावं लागणार नाही.

खिंडीपर्यंत चढलं की फोनला रेंज येते, पण मागांच्या खडखडाटाने तुझे कान खाल्ल्यावर तुला फोन काय कामाचा? आणि खिंडीतल्या नेटवर आपण व्हिडिओने बोलायला गेलो तेव्हा चित्र अडकलं, माझं तोंड जे उघडं राहिलं ते राहिलंच. 'केवढी मोठी जांभई रे!' असं तू ओरडलीस. तुझं ओरडणं मला चोख ऐकू आलं, माझं बोलणं मात्र तुझ्यापर्यंत पोचलं नाही. कापडगिरणीत तुम्ही बायका माग चालू असताना नुसते ओठ हलवून बोलायचात, तसं बोलणं मला या जगात तुझ्या एकटीशी येतं. बाबा समोर जेवत बसलेले असताना आपण त्यांच्यादेखत त्यांची टिंगल केली आहे, आवाज न करता. ते मला परत हवंय. माझ्याकडे माणसं येतात ती पंपाची मोटर किंवा मिक्सर काखेत मारून. 'कधी मिळेल?' एवढंच विचारतात.

कंपनीचा माणूस म्हणाला, महिनाअखेर नक्की.

तुझा,
मिस्त्री


१९ ऑक्टोबर

मिस्त्री,

मिशी काढलीस आणि फोटो नाही पाठवलास? इतक्या वर्षांत तुझा वरचा ओठ मी बघितलेला नाही. आहे ना जागेवर?

तुझं पत्र मी जावयाला दाखवलं. म्हटलं, बघा, माझा भाऊ बादलीच्या काठाने वळणं मोजतो. तो 'हो का' म्हणाला. म्हणाला असावा. मान खाली होती, फोनमध्ये. घरात सगळे चांगले आहेत रे. औषध वेळेवर, जेवण वेळेवर. पण बोलताना वर कोणी बघत नाही. मला यांच्या डोक्यांचे भांग पाठ झाले आहेत. लेकीला म्हटलं, अगं, जरा तोंड दाखवून बोल. तर तिने हे एवढा मोठा आ वासून सांगितलं, 'आऽऽई, पाऽऽणी पिऊऽऽन घे.' मी काय पाताळातून आले आहे? ओठ असे ताणले की काही वाचता येत नाही. पण तिचा उत्साह बघून मी पाणी प्यायले. तहान नव्हती.

माझी करमणूक म्हणजे खिडकी. समोर बसथांबा आहे. तिथे एक गृहस्थ रोज फोनवर 'येस सर, येस सर' करतात आणि फोन ठेवला की 'गाढव' म्हणतात. काल घोटाळा झाला. आधी गाढव म्हणाले, मग फोन चालूच आहे हे बघून पांढरे पडले. मी एकटीच हसले. शेजारी कोणी असतं तर सांगितलं असतं. एक नवराबायको आहेत, ते थांब्यावर भांडतात आणि बसमध्ये चढताना एकमेकांचा हात धरतात. त्यांचं काय चाललंय ते मला त्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त माहीत आहे.

म्हणजे बघ, मला अनोळखी माणसांचं सगळं कळतं आणि घरातल्यांचं काहीच नाही.

तू ये ना. दोन बस बदलल्या की दारात. नेट काय, येईल तेव्हा येईल.

ताई


४ नोव्हेंबर

ताई,

महिनाअखेर गेली. तारेचं भलंमोठं रीळ खालच्या गावात शाळेच्या कुंपणाला टेकवून ठेवलंय. शेळ्या त्याला अंग घासतात. मी जाऊन बघून आलो, मोकळ्या टोकाला साधी टोपीसुद्धा लावलेली नाही, दमट हवा आत जाते. मी माझ्याकडची रबरी टोपी बसवून आलो. कोणाला सांगितलं नाही.

खिंडीत चढून कंपनीला फोन लावला. एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, 'सर, तुमचं काम प्रोसेसमध्ये आहे.' मी म्हटलं, 'बाई, प्रोसेस म्हणजे नेमकं काय? खांब उभे आहेत, रीळ आलंय, माणसं कुठे आहेत?' ती म्हणाली, 'सर, आणखी काही मदत करू शकते का?' मी म्हटलं, आधी पहिली तर करा.

तू ये म्हणतेस. मला येता येत नाही, कारण नीट समजून घे. कंपनीची माणसं सांगून येत नाहीत. आली आणि दाराला कुलूप दिसलं तर 'घर बंद' अशी चिठ्ठी चिकटवून पुढे जातात. खालच्या शिंप्याचं तसंच झालं. तो सासऱ्यांना दवाखान्यात बघायला गेला, परत आला तर दारावर चिठ्ठी, आणि आता यादीत त्याचा नंबर सगळ्यांच्या शेवटी. म्हणून मी कुठेच जात नाही. मोटरी उचलायलाही जात नाही, लोकांना म्हणतो, घरी आणून द्या. दार दिवसभर उघडं ठेवतो. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की हातातला पाना खाली ठेवून बाहेर येतो. बहुतेक दुधाची गाडी असते.

दुपारी टेबलाशी बसून सराव करतो. टॅबच्या काळ्या काचेत माझं तोंड दिसतं. परवा त्याला तुझ्यासाठी साठवलेल्या तीन गोष्टी सांगितल्या. तू असतीस तर दुसऱ्या गोष्टीला मधेच तोडलं असतंस, म्हणून मीही तिथे जरा थांबलो.

एकदा तार आली की रोज बोलू. थोडी कळ काढ.

मिस्त्री


२ डिसेंबर

मिस्त्री,

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला.

कंपनीच्या मागे लागू नकोस. आलं तर आलं. नाही तर नाही.

इथे सगळं ठीक. खिडकीत आता फारशी बसत नाही. थांब्यावरची माणसं हल्ली कमी बोलतात.

अक्षर मोठं काढलंय. तुझा चष्मा जुना झाला असेल.

जमलं तर येऊन जा.

ताई


१४ डिसेंबर

ताई,

माझा चष्मा मागच्या वर्षीचा आहे. एका ओळीत तीन शब्द आणि ओळी उताराला लागलेल्या, असं पत्र तू मला कधी लिहिलं नव्हतंस. घाईत लिहिलंस की रागात, ते मी ठरवू शकलो नाही. राग असेल तर सरळ लिही.

'आलं तर आलं.' मुरमात कुदळ मारताना माझ्या दोन्ही तळव्यांची सालं निघाली. मी कोणासाठी खणत होतो? मला नेटवर सिनेमे बघायचे नाहीत. इथे दिवसेंदिवस माझा आवाज मलाच ऐकू येत नाही, कारण काढायचं कारण पडत नाही. मी सगळा उद्योग केला तो तू टेबलापलीकडे बसल्यासारखी दिसावीस म्हणून, आणि तुला त्याचं काहीच नाही. तुझं बरोबर आहे. तुझ्या घरात माणसं आहेत, खाली रस्ता आहे, थांबा आहे.

कंपनी आता जानेवारी म्हणते. मी इथेच आहे.

मिस्त्री


५ जानेवारी

मामा,

मी तुमची भाची. आईने तुम्हाला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती. ती मी मोडते आहे.

आईच्या डोळ्यांत मधोमध डाग पडलाय. दोन्ही डोळ्यांत. मोतीबिंदू नाही, ऑपरेशन करून जाईल असं काही नाही. कडेचं दिसतं, मधलं जातं, आणि डाग पसरत चाललाय. समोर माणूस उभं राहिलं की तिला त्याचे केस दिसतात, कान दिसतात, खांदे दिसतात. तोंडाच्या जागी राखाडी ठिपका. इंजेक्शनं चालू आहेत, पण गेलेलं परत येत नाही. डॉक्टरांना विचारलं, उरलेलं किती दिवस टिकेल? ते म्हणाले, आठवडे म्हणा, महिने म्हणा, सांगता येत नाही.

थांब्यावरची माणसं कमी बोलतात असं तिने तुम्हाला लिहिलं ना? मलाही तेच म्हणाली होती. मी 'थंडी आहे, आई' असं म्हणून कामाला गेले.

तुमचं शेवटचं पत्र तिने भिंग लावून, कागद तिरका धरून वाचलं. त्याला अख्खी दुपार लागली. मी वाचून मजकूर मोठ्या अक्षरात लिहून देते म्हटलं तर पत्र छातीशी धरलं. वाचून झाल्यावर हसली आणि म्हणाली, 'मिस्त्री रागावलाय. रागावला की तो सगळं मुद्देसूद लिहितो.' तुम्हाला सांगू का म्हटलं तर म्हणाली, 'नको. बिचाऱ्याने मिशी काढलीय.'

मामा, डाव्या डोळ्यात अजून थोडं शिल्लक आहे. माणूस अगदी जवळ बसला, उजेड बाजूने असला आणि तिने मान कलती केली तर तिला ओठ हललेले कळतात. पण आमचे कळून उपयोग नाही. तुमच्यासारखं बोलणं आम्हाला कोणालाच येत नाही. मी शिकायला हवं होतं. ती एवढी समोर होती.

नेटची वाट बघू नका. या.

तुमची,
छकुली


२७ फेब्रुवारी

छकुली,

सुखरूप पोचलो. तू दिवसभर कामावर असायचीस, म्हणून तू नसताना काय झालं ते लिहितो. ते तुझ्याकडे असायला हवं.

मी पहिल्या दिवशीच तुमच्या जेवणाच्या टेबलावरचा दिवा काढून खिडकीकडच्या भिंतीला लावला, ते तू पाहिलंस. जावयांना आवडलं नाही, पण त्यांनी तसं म्हटलं नाही, त्याबद्दल त्यांना माझा नमस्कार सांग. ताईची खुर्ची आणि माझी खुर्ची यात एक वीत जागा ठेवली. मग ती मान कलती करून, कोंबडी दाण्याकडे बघते तशी, एका डोळ्याच्या कडेने माझ्या तोंडाकडे बघायची. पहिलं वाक्य तिला तीनदा सांगावं लागलं. चौथ्यांदा सांगायला लागलो तर म्हणाली, 'कळलं रे, पण तुझा ओठ बघत होते. बाबांचा आहे.'

मग आमचं सुरू झालं. ती पूर्वीसारखी गिरणीतलंच बोलत होती, आवाज न काढता. तू संध्याकाळी यायचीस तेव्हा घरात शांतता असायची, तुला वाटलं असेल दोघं गप्प बसली आहेत. आम्ही गप्प नव्हतो. एकदा तुझा नवरा फोनवर त्याच्या साहेबाला 'तब्येत बरी नाही' असं सांगत होता तेव्हा ताईने त्याची जी नक्कल केली, ती मी तुला लिहिणार नाही. तुम्ही दोघं दोन खुर्च्यांवर दोन म्हातारी माणसं कशाला हसताहेत म्हणून बघत राहिलात.

मी तिला थांबा वाचून दाखवायचो. मी खिडकीतून बघायचो आणि तिच्याकडे वळून सांगायचो. मला इतक्या लांबून अर्धंच वाचता येतं, बाकीचं मी जोडायचो. येस सर वाले गृहस्थ आता बढती मिळून 'येस मॅडम' म्हणतात असं सांगितलं. ती म्हणाली, 'खोटं. तू जोडतोयस.' मी म्हटलं, 'तुला कसं कळलं?' 'खोटं बोलताना तुझा खालचा ओठ आत जातो. लहानपणापासून.'

'कंपनी आली का रे?' तिने एकदाच विचारलं.

'गेली खड्ड्यात.'

'हो का? मग तुझा चर कामाला आला म्हणायचा.'

रोज जागा थोडी कमी करावी लागायची. वितीची चार बोटं झाली. दिव्याची टोपी मी जरा वाकवली, मोठा दिवा आणला, मागच्या भिंतीवर काळं कापड लावलं म्हणजे माझं तोंड त्यावर उठून दिसेल. तो सगळा उपद्व्याप तू बघितलास. त्यातलं प्रत्येक दोनतीन दिवस चाललं.

मग त्या मंगळवारी चहा झाल्यावर आम्ही बसलो. मी तिला आईची गोष्ट सांगत होतो, आई एकदा रेडिओतल्या बातम्या देणाऱ्याला 'जरा सावकाश सांगा हो' म्हणाली होती ती. ताईने मान कलती केली, मग दुसरीकडे कलती केली, मग सरळ केली.

'बोल ना,' ती म्हणाली.

मी बोलतच होतो.

मी तिचा हात घेतला आणि तळव्यावर बोटाने अक्षर काढलं. तिला लगेच कळलं. म्हणाली, 'हळू. आणि काना विसरलास.' तुला त्या संध्याकाळी मी फक्त तळव्यावर कसं लिहायचं तेवढं शिकवलं, बाकी सांगितलं नाही. आता सांगितलं.

मला तिनेच हाकललं. 'तुझ्याकडे लोकांच्या मोटरी पडून असतील,' म्हणाली. होत्याच. दारावर कंपनीची चिठ्ठीही होती: घर बंद, काम रद्द. मी तुमच्याकडे यायला निघालो त्याच आठवड्यात कंपनीची माणसं आली होती. शिंपी सांगत होता, रिळातली उरलेली तार गाडीत घालून दुसऱ्या गावाला नेली. चिठ्ठी चांगल्या गोंदाने लावली होती, रंगासकट निघाली.

मला त्याचं वाईट वाटलं नाही हे ताईच्या हातावर लिही.

मामा


८ मार्च

मामा,

आईने सांगितलं तसं लिहिते. ती बोलली, मी लिहिलं, माझं काही नाही:

"मिस्त्री, छकुली हातावर चांगलं लिहिते पण गुदगुल्या करते. जावईसुद्धा शिकलाय. त्याने पहिलंच वाक्य लिहिलं, 'दिवा परत जागेवर लावू का?' मी म्हटलं, नको, राहू दे.

दिवस मोठा असतो रे. सगळे बाहेर गेले की घर कुठे संपतं ते कळत नाही. खुर्चीच्या हातावर हात ठेवून बसते, कोणी आलं तर जमीन हलल्याचं कळतं. तुझा विचार करते. तूही असाच बसला असशील, फक्त तुला भिंती दिसत असतील.

तुला वाईट वाटलं नाही हे मला आवडलं नाही. तार बसवून घे. मला तू दिसणार नाहीस. पण मी तुला दिसेन की. माझा आवाज तुला ऐकू येतो. मी रोज दुपारी टॅबसमोर बसेन आणि काहीबाही सांगेन, तू ऐक. संध्याकाळी छकुली आली की तुझं उत्तर माझ्या हातावर लिहील. एकेरी रस्ता असला म्हणून काय झालं? कंपनीला पुन्हा फोन कर. आणि जरा गोड बोल."


२२ मार्च

छकुली, पुढचं ताईच्या हातावर लिहायचं आहे म्हणून वाक्यं तोडून लिहितो. ऱ्हस्वदीर्घ गाळू नकोस, तिला कळतं.

ताई,

फोन केला. गोड बोललो. कंपनीचा साहेब स्वतः आला. पोरसवदा, बूट नवे. चर बघितला, पाइप बघितला, दोरी ओढून बघितली. 'कोणी केलं हे?' म्हणाला. मी म्हटलं, मी. 'आमच्या माणसांना जमत नाही असं,' म्हणाला. मी म्हटलं, ते दिसतंच.

मग बसला आणि खरं सांगितलं. तार खालच्या गावापर्यंतच. वर राहतं घर एकच. एका घरासाठी नवीन रीळ त्यांना परवडत नाही.

मी विचारलं, योजना सरकारी आहे ना, मग सगळ्या घरांना नेट दिलं असं सरकारला कसं सांगणार? तो हसला. म्हणाला, ज्यांना नको त्यांना मोजायचं नसतं. पिशवीतून कागद काढला. त्यावर एकच ओळ होती. मला जोडणीची गरज नाही. खाली सहीची जागा.

'काका, एकटेच तर राहता,' म्हणाला. 'नेटवर कोणाशी बोलणार?'

बहिणीशी.

'मग फोन करा की.'

तिला ऐकू येत नाही.

'म्हणजे व्हिडिओवर बघायचंय त्यांना.'

तिला दिसत नाही.

चांगला मुलगा आहे. मग त्याने पेन उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि अगदी हळू विचारलं, 'मग गरज कसली, काका?'

मी पेनाला टोपण लावून त्याला परत दिलं. कागद होता तसा कोराच परत दिला. त्या एका ओळीखाली सही करायची होती, आणि त्या सहीचे ते चाळीस हजार रुपये देत होते. मी नको म्हणालो.